तात्यांचं एंटर आणि माझं टेबल

देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याच्या शेडसाठी मी प्रोग्राम लिहून दिला होता. त्यात अकरा फॉर्म होते आणि अकराही फॉर्मवर एकेक टेबल. पेट्यांची आवक, गाडीभरणी, वाशीहून येणारी पट्टी (विक्रीचा हिशोब), बागायतदारांची उचल, रिकाम्या पेट्या, मजुरी असं सगळं. पहिलं टेबल मी नीट बसून केलं. दुसऱ्या फॉर्मवर तेच चिकटवलं आणि रकान्यांची नावं बदलली. तिसऱ्यावर दुसरं चिकटवलं. अकराव्यापर्यंत पोचलो तेव्हा पहिल्यात काय काय होतं हे मलाही सांगता आलं नसतं.

एप्रिलच्या मध्यावर, ऐन हंगामात, तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे शेडचे दिवाणजी. पेटीवरचा मार्का लांबून बघून ती कुठल्या बागेची ते सांगणारे.

"अरे मेल्या, ह्येचो भाव बाराशे खंयसून इलो? चोपडेत अडीच हजार आसा."

गेलो. पडद्यावर पट्टीचं टेबल उघडं होतं. वरच्या तीन ओळींत मार्का होता पण भाव नव्हता, खालच्या एका ओळीत भाव होता पण मार्का नव्हता, आणि मधल्या ओळी दिसायला एकदम व्यवस्थित होत्या. घोळ त्या मधल्या ओळींतच होता. एकाच्या मार्क्यासमोर दुसऱ्याचा भाव. तात्या भाव आधी चोपडीत उतरवतात आणि मग संगणकावर बघतात, म्हणून सापडलं. नाहीतर त्या रात्री दोन बागायतदारांना एकमेकांचे पैसे गेले असते.

चूक शोधायला दोन तास गेले, दुरुस्तीला दोन ओळी लागल्या. झालं होतं असं: तात्यांनी 'भाव' या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून यादी भावानुसार लावून घेतली होती आणि मग तारीख बदलली. नवी तारीख आली की माझा कोड ओळीतली एकेक चौकट भरत जायचा. आधी मार्का, मग डझन, नग, भाव, रक्कम. पण टेबलाचं सॉर्टिंग चालू असेल तर भावाची चौकट भरताक्षणी ती ओळ उठून आपल्या जागी जाऊन बसते. माझ्या कोडच्या हातात मात्र जुना ओळक्रमांक असतो. पुढची चौकट तो भलत्याच ओळीत भरतो. फॉर्म आणि टेबलं मी क्यूटी नावाच्या तयार कोडच्या संचातून घेतो, त्याच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे की टेबल भरून झाल्यावरच सॉर्टिंग चालू करा. मी ते वाचलं नव्हतं. भरण्याआधी सॉर्टिंग बंद, भरल्यावर चालू, एवढाच उपाय.

आणि हा उपाय अकरा ठिकाणी करायचा होता. मी नऊ ठिकाणी केला. राहिलेल्या दोनांतलं एक उचलीचं टेबल निघालं, तेही हंगाम संपताना.

पावसाळ्यात शेड बंद असते. रिकाम्या पेट्यांना बुरशी लागते, शेडच्या दाराला शेवाळ चढतं आणि माझ्यासारख्या माणसाला शांतपणे विचार करायला वेळ मिळतो. या पावसात एकच टेबल लिहायचं आणि सगळीकडे तेच लावायचं, असं ठरवलं. त्या वेळी मला वाटत होतं की हे आठवड्याभराचं काम आहे.

मी काम करतो ते पायथन या भाषेत, तिच्यातून क्यूटी वापरू देणारं पायक्यूटी ५ घेऊन, आणि फॉर्म काढतो क्यूटी डिझायनर या प्रोग्राममध्ये. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डिझायनरच्या डावीकडे एक विजेटांचा, म्हणजे फॉर्मवर लावायच्या तयार तुकड्यांचा, डबा असतो. त्यातून बटण, रकाना, टेबल उचलून फॉर्मवर टाकायचं, ओढून जागेवर बसवायचं, उजवीकडे त्याच्या प्रॉपर्टी बदलायच्या. फॉर्म यूआय नावाच्या फाइलीत साठवला जातो आणि ती फाइल म्हणजे साधं एक्सएमएल. क्यूटी हे मूळ नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीचं, आणि त्याचा अधिकृत उच्चार खरं तर 'क्यूट' असा आहे. हे मी एकदा तात्यांना सांगितलं. त्यांनी ते 'कूट' असं ऐकलं आणि तेव्हापासून माझ्या सगळ्या धंद्याला ते दाण्याचा कूट म्हणतात.

डिझायनरमध्ये स्वतःचं विजेट वापरायचे दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे बढती, प्रमोशन. साधं क्यूटेबलविजेट, म्हणजे क्यूटीचं तयार टेबल, फॉर्मवर टाकायचं, उजवं क्लिक करून 'प्रमोट टू' निवडायचं आणि आपल्या क्लासचं, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या आपल्या विजेटाचं, नाव लिहायचं. खाली हेडर फाइलची चौकट असते. ती मुळात सी प्लस प्लसवाल्यांसाठी आहे, त्यामुळे डिझायनर तिथे आपणहून शेवटी 'डॉट एच' लावतो. पायथनवाल्याने तिथे आपल्या मॉड्यूलचं, म्हणजे कोडच्या फाइलीचं, नाव द्यायचं, शेपटीची काळजी करायची नाही, यूआय फाइलीतून पायथन कोड तयार करणारं पाययूआयसी ती शेपटी स्वतः कापतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धा दिवस नसलेली 'डॉट एच' फाइल शोधत होतो.

बढती दिली, प्रोग्राम चालवला, टेबल कोरं. एकही रकाना नाही. क्लासमध्ये तर मी पाच रकाने नावांसकट लावले होते. पाययूआयसीने तयार केलेली फाइल उघडली तेव्हा कळलं. पहिल्या ओळीत माझं टेबल जन्माला येत होतं, पाच रकान्यांसह. दोन ओळी खाली लिहिलेलं होतं: रकान्यांची संख्या शून्य, ओळींची संख्या शून्य. डिझायनरमध्ये मी टाकलेलं टेबल रिकामं होतं, म्हणून त्याने इमानदारीने माझंही रिकामं केलं. बाळ जन्मल्याजन्मल्या त्याचं जावळ काढावं तसं.

यावर उपाय म्हणून मी आधी रकाने लावण्याचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये टाकलं आणि ते प्रत्येक फॉर्ममधून बोलवायला लागलो. म्हणजे परत अकरा ठिकाणी अकरा ओळी आल्या. हे काही मला पटेना. शेवटी क्यूटेबलविजेट सोडून क्यूटेबलव्ह्यू घेतला. व्ह्यू स्वतःजवळ काहीच ठेवत नाही. माहिती ठेवतं मॉडेल, आणि व्ह्यू त्याला विचारतो: किती ओळी, किती रकाने, या चौकटीत काय दाखवू? ही मॉडेल आणि व्ह्यूची फारकत २००५ साली आलेल्या क्यूटी ४ पासून आहे. मी इतकी वर्षं तिच्यापासून लांब राहिलो कारण साधं टेबल पटकन होतं. पण इथे पाययूआयसीला शून्य करायला काही सापडत नाही, कारण रकाने व्ह्यूचे नसतातच.

मॉडेलमुळे आणखी एक गोष्ट सुटली. त्याला एकाच चौकटीबद्दल दोन प्रश्न येतात, दाखवायचं काय आणि दुरुस्तीला द्यायचं काय. दाखवताना १२,५०,००० असा लाखाचा स्वल्पविराम, दुरुस्तीला उघडल्यावर नुसता आकडा. पायथनचं तयार स्वल्पविरामवालं फॉरमॅट तीन-तीन अंकांचे गट करतं, त्यामुळे बारा लाख पन्नास हजारांचं वन पॉइंट टू फाइव्ह मिलियन होतं. लाखाचं फंक्शन दहा ओळींत हाताने लिहिलं. आणि लगेच सॉर्टिंग परत बिघडलं. मोठा आकडा वर असा क्रम मागितला तरी ९,५०० हे १२,००० च्या वर. कारण सॉर्टिंग करणारं मधलं प्रॉक्सी मॉडेल, तुम्ही काही सांगितलं नाहीत तर, दाखवायचा मजकूर बघून क्रम लावतं, आणि मजकूर म्हणून पाहिलं तर ९ हा १ च्या पुढचा. दुरुस्तीचा आकडा बघून लाव, असं एका ओळीत सांगावं लागतं.

याची गंमत म्हणजे हीच चूक माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे दोन वर्षं होती आणि कुणाच्या लक्षात आली नव्हती. वेंगुर्ल्याकडचा एक काजूचा कारखाना, तिथल्या वहिनी ग्रेडनुसार यादी लावून बघायच्या. काजूच्या अख्ख्या गरांचे ग्रेड म्हणजे डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२०, ४५०. साधारण एका पौंडात किती गर बसतात तो आकडा, म्हणजे आकडा लहान तितका गर मोठा. सगळे आकडे तीन अंकी! मजकूर म्हणून लावा नाहीतर संख्या म्हणून लावा, क्रम तोच. माझा कोड चुकीचा होता आणि काजूने मला वाचवलं होतं.

आता तात्यांच्या एंटरबद्दल. टेबल तयार झालं म्हणून जुलैमध्ये मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. पडवीत बसलो, बाहेर पाऊस. जुनी चोपडी समोर ठेवून त्यांनी आकडे घालायला सुरुवात केली. पाच, एंटर, चाळीस, एंटर. म्हणजे पाच डझनी पेटी, चाळीस नग. त्यांची नजर चोपडीवर, बोट नंबर पॅडवर, पडद्याकडे बघतच नव्हते. सहा-सात नोंदी झाल्यावर मान वर केली.

"माझो पाच खंय गेलो?"

एकाच चौकटीत शेवटचा आकडा तेवढा उरला होता. क्यूटीच्या टेबलात एंटर दाबलं की चौकटीतला आकडा पक्का होतो, पण कर्सर तिथेच राहतो. पुढे जायला टॅब दाबावं लागतं. आणि चौकट निवडलेली असताना कुठलीही कळ दाबली की जुनं पुसून नवं लिहायला सुरुवात होते. म्हणून पाच गेला, त्यावर चाळीस आला, त्यावर पुढचा. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही टॅब दाबा ना." त्यांनी डाव्या कोपऱ्यातल्या त्या कळीकडे बघितलं, मग उजव्या हाताखालच्या नंबर पॅडकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे माका दोनय हात लावूक व्हये? चोपडी कोण धरतलो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन कळ दाबल्याचा प्रसंग पकडणारं फंक्शन लिहिलं. चाललं नाही. कारण चौकट दुरुस्तीला उघडी असते तेव्हा कळ टेबलापर्यंत येतच नाही, ती चौकटीतल्या छोट्या एडिटरकडे जाते. एडिटर बंद होताना मात्र टेबलाला निरोप येतो आणि निरोपासोबत एक इशारा येतो, की हा का बंद झाला. एंटरने बंद झाला तर एक इशारा, टॅबने झाला तर 'पुढची चौकट उघड' असा दुसरा. मग टेबलाच्या 'क्लोज एडिटर' या फंक्शनमध्ये एंटरचा इशारा आला की त्याच्या जागी टॅबचा इशारा सरकवून दिला. तीन ओळी. अख्ख्या टेबलात मला सगळ्यात आवडणारा कोड हाच. पुढे त्यात भर पडत गेली. रक्कम हा रकाना हिशोबाचा, तिथे लिहायचं नसतं, तर कर्सर तिथे येऊन रुसून बसायचा, म्हणून तो ओलांडायला लावला. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीतून पुढे गेलं की कर्सर थेट पहिल्या ओळीवर उडी मारायचा, तिथे नवी कोरी ओळ काढून दिली.

बेरजेचा किस्सा थोडक्यात सांगतो. बेरीज मी आधी शेवटची ओळ म्हणून ठेवली होती. भावानुसार यादी लावली की बेरीज पहिल्या नंबरावर. मग टेबलाखाली बेरजेची वेगळी पट्टी केली आणि दोन्ही मिळून एक विजेट केलं. वरचा रकाना रुंद केला की खालचाही तेवढाच रुंद झाला पाहिजे, आडवा सरकवला की खालीही सरकला पाहिजे, हे जोडण्यात दोन दिवस गेले.

आता दुसरा रस्ता. बढती दिलेलं विजेट डिझायनरमध्ये दिसतं कसं? बढती न दिल्यासारखं. पूर्वदृश्य घेतलं तरी तिथे मूळचंच साधं विजेट दिसतं. माझं विजेट आता एक कोरा चौकोन होता, आणि रकाने कुठले ते परत कोडमध्येच लिहायला लागत होतं. ते डिझायनरच्या डब्यात खरोखर दिसायला हवं असेल तर प्लगिन, म्हणजे डिझायनरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहावं लागतं. पायक्यूटीत ते पायथनमध्येच लिहिता येतं. फाइलीचं नाव 'प्लगिन डॉट पीवाय' असं संपलं पाहिजे आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते पायक्यूटीडिझायनरपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे संगणकाच्या एका सेटिंगमध्ये, सांगायचं. फाइलीत काही चूक असली तर डिझायनर खिडकी उघडून सांगत नाही, डब्यात विजेट दिसत नाही एवढंच. म्हणून डिझायनर नेहमी टर्मिनलवरून चालू करा, तिथे निदान चूक छापून येते. आयकॉनवर क्लिक करणारा माणूस बसतो नुसता डबा हलवत.

प्लगिनमुळे मला हवी होती ती गोष्ट मिळाली. रकाने ही एक प्रॉपर्टी झाली, मजकुरांची यादी या प्रकारची. डिझायनर त्यासाठी आपोआप एक छोटी खिडकी देतो, एका ओळीत एक नाव. मी थोडा संकेत ठरवला: नुसतं 'मार्का' लिहिलं तर मजकूर, 'नग:सं' लिहिलं तर संख्या, 'रक्कम:बे' लिहिलं तर संख्या आणि खाली बेरीज. तिथे टाइप केलं की फॉर्मवर तिथल्या तिथे रकाने उभे राहतात. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. ती म्हणाली, "बरं. म्हणजे आता जेवायला येणार का?"

दुसऱ्या दिवशी यादी सगळी पुसून बघितली आणि डिझायनरच बंद पडला, न साठवलेल्या फॉर्मसकट. माझ्या कोडने रिकाम्या यादीतलं पहिलं नाव मागितलं होतं. पायक्यूटी ५.५ पासून पायथनमधली न पकडलेली चूक अख्खा प्रोग्राम खाली बसवते, आणि इथे तो प्रोग्राम म्हणजे डिझायनर. स्वतःच्या प्रोग्रामात आपण गिऱ्हाइकाचं नुकसान करतो. इथे स्वतःचंच.

त्याच सुमारास फोल्डरांमध्ये शून्य बाइटच्या डेटाबेस फाइली दिसायला लागल्या. डेस्कटॉपवर एक, यूआयच्या फोल्डरमध्ये एक. आधी व्हायरसच वाटला. मग आठवलं, मार्का लिहिताना नावं सुचावीत म्हणून टेबल जन्मताच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची फाइल उघडून बागायतदारांची यादी आणतं. डिझायनरमध्ये मी टेबल फॉर्मवर टाकलं की तिथेही ते जन्मतंच. मग ते समोर असेल त्या फोल्डरात आंब्याचा डेटाबेस उघडायला बघतं, आणि फाइल नसली तर एसक्यूलाइट तक्रार न करता नवी रिकामी काढतं. मी ते टेबल 'कुठेही लावता येईल' असं म्हणत होतो आणि ते तर बाहेर आल्याआल्या देवगडच्या शेडचा पत्ता विचारत होतं! त्या दिवशी त्यातलं आंब्याचं सगळं काढलं. 'डझन' हा शब्द तीन ठिकाणी निघाला, 'वाशी' एका ठिकाणी. नावं सुचवायची तर ती ज्याचा फॉर्म त्याने टेबलाला आणून द्यावीत. रक्कम कशी काढायची तेही त्यानेच सांगावं. टेबलाकडे राहिलं ते एंटर, सॉर्टिंग, बेरीज आणि लाखाचा स्वल्पविराम.

ते खरंच कुठेही लागतं का, हे कळलं मच्छीमारांच्या एका सोसायटीत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि सेक्रेटरींना बोलायला सवड असते. फॉर्म उघडला, डब्यातून टेबल टाकलं, रकाने लिहिले: होडी, मासळी, किलो, भाव, रक्कम. वीस मिनिटांत पापलेट आणि सुरमई तात्यांच्याच एंटरने पुढे सरकत होते. सेक्रेटरींनी खूश होऊन चहा मागवला. मग किलोच्या बेरजेकडे बोट केलं. त्यांनी गंमत म्हणून दोनच ओळी घातल्या होत्या, शंभर ग्रॅम आणि दोनशे ग्रॅम, आणि खाली बेरजेत तीनानंतर पंधरा शून्यं आणि मग चार. पेट्या कधी दशांशात येत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आंब्यात आलाच नव्हता. संगणकाला दशांशातला ०.१ नेमका साठवता येत नाही. पायथनमधला डेसिमल हा प्रकार वापरला की सुटतं. पण आता हे एकाच ठिकाणी दुरुस्त करायचं होतं. चहा येईपर्यंत केलं, आणि घरी गेल्यावर काजूवाल्या वहिनींना तीच फाइल पाठवली.

वहिनींचा लगेच फोन. त्या मराठी कीबोर्ड वापरतात, आकडेही देवनागरी. "भावजी, १२ लिहिलं तर चालेल ना? आधीच्यात लाल व्हायचं." मी जरा धास्तीनेच घालून बघायला सांगितलं. चाललं. पायथन '१२' हा मजकूर जसाच्या तसा बारा म्हणून वाचतो, त्यासाठी मी काहीही केलेलं नव्हतं. "हो, त्याची सोय केली आहे," असं मात्र सांगितलं.

तात्यांच्या शेडमध्ये अकराही फॉर्मवर आता हेच टेबल आहे. चोपडी अजून बाजूला असते, आणि ती असू द्या असं मीच त्यांना सांगितलंय. एक दुखणं बाकी आहे: व्यापाऱ्याच्या मुलाने नवीन लॅपटॉप आणलाय, त्यावर पडद्याचं मोजमाप सव्वापट ठेवलंय, आणि तिथे बेरजेची पट्टी वरच्या रकान्यांपासून एक-दोन पिक्सेल सरकते. तात्यांना ते दिसत नाही, मला दिसतं. मोहोर धरायच्या आत बघायला हवं.